चारला थांबायचं

उमाकांतनं डावा हात खांद्याच्या वर उचलला, खालून कोणीतरी जाईल एवढी जागा ठेवली आणि पाच, सहा, सात मोजत पाय टाकले. जेवणाची सुट्टी होती. आवडी गावातल्या कारखान्यातली ती लांबलचक शेड गप्प पडली होती. हाताखालून कोणी गेलं नाही, जायला कोणी नव्हतंच. तरी गिरकी झाली असं धरून त्यानं हात खाली आणला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

वर क्रेनच्या केबिनमध्ये सत्यनारायण दहीभात खात होता. तंजावरकडचा मराठी माणूस, मराठी बोलला तरी चाल तमिळ. वीस वर्षं तो वरून क्रेन हाकायचा आणि उमाकांत खालून हातानं खुणा करायचा. वर घे, खाली सोड, जरा डावीकडे. दोघांचं बोलणं कमी, खुणा जास्त. आज मात्र त्याला राहवलं नाही. बोटं चाटत त्यानं विचारलं, अंगात आलंय की काय?

उमाकांतनं सांगितलं, साल्सा शिकतोय. जोडीचा नाच. पुरुषानं हातानं खूण द्यायची, बाईनं ती ओळखून वळायचं. म्हणजे आपलंच काम, फक्त गाण्याच्या तालावर.

"मग तुझी खूण चुकते," सत्यनारायण म्हणाला. "हात वर करतोस आणि बघत नाहीस, पुढं जातोस. लोड सुटला का अडकला, कोण बघणार?"

"समोर आहे कोण अडकायला?"

"तेच तर," म्हणून सत्यनारायणनं डबा बंद केला.

सत्तावन्नाव्या वर्षी माणूस उगाच साल्साच्या नादी लागत नाही. शिकवणारी तनया होती, त्याची मुलगी. आठवडाभर पेरुंगुडीला आयटीत नोकरी आणि शनिवारी संध्याकाळी तिथंच एका दुकानाच्या माडीवर नाचाचा क्लास. अकरा महिने झाले, ती घरी आली नव्हती. आईशी फोनवर बोलायची. बापाचं नाव निघालं की कुकर लावायचाय म्हणायची.

झालं होतं एवढंच, की बार्शीचं एक स्थळ आलं होतं. तिनं नको म्हटलं. मग फोनवर परत म्हटलं, आणि ते लोक यायच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा. उमाकांतला वाटलं, पोरी म्हणतातच. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून घरी, वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर आली तर हॉलमध्ये आठ माणसं पोहे खात बसलेली. तिनं सगळ्यांना चहा दिला. ते गेल्यावर कप धुतले, पालथे घातले आणि बॅग भरली.

बायकोच्या, हेमलताच्या, फोनवरून त्यानं क्लासची फी भरली तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, सरळ जाऊन चुकलो म्हणा की. नाचायला कशाला पाहिजे?"

त्याला ते जमलं असतं तर अकरा महिने गेले असते का?

तनयानं त्याला हाकललं नाही. वहीत नाव लिहिलं आणि बाकीच्यांसारखंच त्यालाही 'उमाकांत सर' म्हणू लागली. बोलणं सगळं इंग्रजीत, नाहीतर तमिळमध्ये. पुरुष नऊ, बायका सात. गोल करून उभं राहायचं, थोड्या वेळानं जोडीदार बदलायचा. ज्याच्यासमोर कोणी नसेल त्यानं हवेबरोबर नाचायचं. एका मोकळ्या जागेत तनया स्वतः उभी राहायची. उमाकांतची पाळी आली की नेमकं तिला दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी पाय सुधारायचा असायचा. त्यामुळे हवेबरोबर तो फार छान नाचायला लागला. हवा कधी नाही म्हणत नाही.

त्या दिवशी सुट्टी संपली आणि लोखंडाचा मोठा सांगाडा उचलायला घेतला. जमिनीपासून हातभर उचलला असेल, तोच झाडणारी सीतालक्ष्मी दोन्ही हात वर करून उभी राहिली. सत्यनारायणनं क्रेन जागच्या जागी थांबवली. काही नव्हतं, तिचा झाडू सांगाड्याखाली राहिला होता. ती ओशाळली. आपण उगाच एवढ्या माणसांचं काम अडवलं म्हणाली.

"बरोबर केलंत," उमाकांत तिला तमिळमध्ये म्हणाला. नव्या लोकांना तो वर्षानुवर्षं हेच शिकवत आला होता. उचलायची खूण एकानंच द्यायची, थांबायची कोणीही. झाडणाऱ्या बाईनं दिली तरी क्रेन थांबते. कारण नंतर विचारायचं.

बोलता बोलता त्याला तनयाचं तिसरं 'नको' आठवलं. सत्यनारायण वरून हातानं विचारत होता, घेऊ का? उमाकांतनं वाकून सांगाड्याखाली बघितलं, मगच हात वर केला.

शनिवारी क्लासचा शेवटचा दिवस होता. फिरत फिरत त्याच्यासमोर मोकळी जागा आली. त्यानं हवेचे हात धरले. एक, दोन, तीन. चारला हात वर केला आणि पाय उचलायच्या आधी समोर बघितलं. कोणी नव्हतं. तरी बघितलं. मगच पाचला पाय टाकला. पुन्हा तसंच. चारला हात, जरा थांबणं, समोर बघणं. शेजारचा तरुण हसला.

तनया पलीकडून बघत होती. तिनं हातातला फोन खिडकीत ठेवला आणि येऊन त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. हात पुढे केले, ओळखीचं काही न दाखवता.

एक, दोन, तीन. पहिली गिरकी ती घेऊन गेली, हलकी, जशी सगळ्यांबरोबर घ्यायची. दुसरीही. तिसऱ्यांदा त्यानं चारला हात वर केला आणि ती वळली नाही. बोटांत बोटं होती, पण हात तिथंच धरून ती उभी राहिली.

उमाकांत थांबला. दोन्ही पाय जमिनीवर, हात अर्धा वर. गाणं चालू होतं. बाकीच्या जोड्या आजूबाजूनं फिरत होत्या, एकाचं कोपर त्याला लागलंसुद्धा. तो हलला नाही. हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही आणि ओढलाही नाही.

"का थांबलात?" तनयानं विचारलं. मराठीत.

"तू थांबलीस."

"कारण नाही विचारलंत."

"नंतर सांग. नाही सांगितलंस तरी चालेल."

ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली. कारखान्याचेच बूट, नीट पॉलिश केलेले. गाण्याची एक ओळ गेली, दुसरी गेली. मग बोटांवरचा तिचा दाब कमी झाला.

"पाचला उजवा पाय, बाबा," ती म्हणाली.

ते त्याला पाठ होतं. तरी त्यानं विचारलं, "कुठला?"