एव्हलिन हरली त्यानंतर

रेडिओवर निकाल सांगितला तेव्हा एव्हलिन रताळी सोलत होती. ती आमच्या मलाइता बेटावरच्या दवाखान्यात नर्स. जंगल तोडणाऱ्या कंपनीला विरोध म्हणून प्रांताच्या निवडणुकीला उभी राहिली आणि कंपनीच्याच माणसाकडून हरली. हरली ती हरली, पण आमच्या गावातल्या केंद्रावरही तिला फारशी मतं पडली नव्हती. तिने उरलेली रताळी सोलली, चुलीवर चढवली आणि आत जाऊन पडली.

मी शेजारीण. माशाचं कालवण घेऊन गेले.

"ठेव तिथे," ती म्हणाली. "तू तरी दिलंस का मत?"

"दिलं."

"मग बस."

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ बार्नाबास कोयता घेऊन टेकडीवर निघाला. झऱ्यापासून गावापर्यंत पाण्याचा पाइप एव्हलिननेच खटपट करून आणला होता. तो त्याला तोडायचा होता. ती अनवाणीच त्याच्या मागे धावली. मीही गेले.

"बाजूला हो, ताई. मत देताना लाज वाटली नाही ना, आता प्या म्हणावं नदीचं पाणी."

"आणि तुझी बायको कुठलं पिणार?"

"तिचा काय संबंध?"

"कंपनीने तिच्या माहेरी छपराचे पत्रे दिले, तेव्हापासून ती माझ्याकडे फिरकलेली नाही. घरी जाऊन विचार, मग तोड."

बार्नाबास कोयता टाकून मटकन खाली बसला. एव्हलिनही पाइपावर बसली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली. "मला कुणाचं तोंडसुद्धा बघायचं नाहीये," ती म्हणाली. "पण पोरांना जुलाब लागले की माझ्याच दारात आणतील."

सोमवारी ती दवाखान्यात गेली.

पुढे निवडून आलेल्या माणसाने गावाला मेजवानी दिली. एव्हलिन गेली, डुकराचं मटण पोटभर जेवली आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, "अभिनंदन. तेवढी झऱ्यावरची झाडं सोडा."

मग बार्नाबासची बायको हळूच म्हणाली, "हो, ती सोडा." तिच्यामागून आणखी दोघीतिघी बोलल्या. तो हसून "बघू" म्हणाला.

ती झाडं राहिली. पलीकडचा डोंगर मात्र बोडका झाला. पावसात नदी लाल होते. पुन्हा उभी राहणार का, असं मी तिला एकदा विचारलं.

"अजून राग गेलेला नाही," ती म्हणाली. "गेला की सांगते."