सरकी-भुईमुगाचं नातं

लक्ष्मणराव सरांचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता, आणि कोकिळाचं नशीब असं फुटकं की नेमके तेच तिचे पीएचडीचे गाइड. साल सत्त्याऐंशी. वर्ध्याच्या कॉलेजात ती सरकीतलं एक प्रथिन तपासत होती. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ, आणि मण्याच्या दर जातीला एक अक्षर. ही माळ भुईमुगाच्या एका माळेशी जुळते, दोघी एकाच मुळातून निघाल्या, हे नागपूरच्या कॉम्प्युटरनं चहा निवायच्या आत सांगितलं होतं. जगात अजून कोणी हे छापलं नव्हतं. पेपर लिहून तयार होता. अडलं होतं ते सरांच्या सहीपाशी.

"मशीननं पत्रिका जुळवली म्हणून लग्न लावतेत का लोकं?" सर म्हणाले. "हातानं तपास. मंग सही."

झालं! गावी, देवळीच्या घरी तिनं आलेखाचे कागद चिकटवून सतरंजीएवढा कागद केला. आडवी सरकी, उभा भुईमूग. अक्षर जुळलं त्या चौकोनात ठिपका. ठिपक्यांची तिरपी रेघ उमटली की नातं खरं. अख्खा उन्हाळा ठिपके देण्यात गेला. आई, कौशल्याबाई, विचारायची, "काऊन वं, रांगोळी काढून राह्यली का?" कोकिळाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रेघ उमटली, थेट कॉम्प्युटरची होती तशीच. सरांनी भिंग लावून एका कोपऱ्यात सुटलेला ठिपका शोधला. "एक चुकला तं बाकीच्यायचा भरोसा काय? पुन्हा काढ."

"सर, दुसऱ्या कोणी छापलं तं?"

"सरकीकडे कोण पाह्यते?"

दिवाळीनंतर लायब्ररीत परदेशी मासिक आलं. त्यात सरकी, भुईमूग, तीच तिरपी रेघ, आणि वर तीन अनोळखी नावं. कोकिळानं ते मासिक नेऊन सरांच्या टेबलावर आपटलं.

सरांनी वाचलं. चेहरा खुलला. "बाप्पा! बराबरच होतं की तुहं!" खणातून तिचा पेपर काढून त्यांनी झोकात सही ठोकली. "जाय, आता बिनधास्त पाठव."

रडावं की ओरडावं, तिला कळेना. "सर, त्यांनी हातानं तपासलं का, तेवढं पाहून सांगा."

सरांनी पानामागून पान उलटलं. "नाई. कॉम्प्युटरवरच केलं म्हणतेत." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण हे छापून आलं नं, बाई."