पिठातली शीर

गुरुवारी सकाळी नऊलाच औशाच्या मोंढ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुडघ्यांची जत्रा भरली होती. सुजलेले गुडघे, वाकलेले गुडघे, कटकट वाजणारे गुडघे. कोणी निलंग्याहून आलेलं, कोणी चाकूरहून. मधोमध पाटावर शीरमोकळे बाबा बसले होते. समोर परातीत कणकेचे उंडे ओळीने मांडलेले.

"चाकू न्हाई, सुई न्हाई, भुलीचं इंजेक्शन न्हाई!" बाबा गर्जले. "शिरंवर शीर चढती, तिथं वारं शिरतं, वाऱ्यात बाधा बसती. मी बाधेला नुसतं म्हणतो, ऊठ माय, तुझा स्टॉप आला!"

गर्दी हसली आणि तिने हातही जोडले.

सेवेकरी पुढच्या गुडघ्याला हळद चोळून ठेवायचा. बाबा तीर्थात हात बुडवायचे आणि गुडघ्यावर उंडा फिरवायचे. गुडघा रक्ताने माखल्यासारखा लालभडक व्हायचा, बायका डोळे मिटून घ्यायच्या, आणि बाबा वीतभर लांब, पांढरी, ओली शीर ओढून काढायचे. लोकांना एकदा दाखवली की लगेच धुनीत. चर्र!

रांगेत व्यंकटी लेकीला धरून उभा होता. बसस्टँडजवळ त्याची मटण खानावळ होती आणि त्याच्या हातचा पाया, बकऱ्याच्या पायांचा रस्सा, खायला लोक लातूरहून यायचे. पण महिनाभर झाला, गुरुवारी त्याच्याकडे पाया शिजतच नव्हता. खाटकाचं उत्तर ठरलेलं, "पाय खपले मालक. बुधवारी एक जण येतो, समदे उचलून नेतो."

आज मात्र त्याला पायाची फिकीर नव्हती. नववीतल्या तनुजाचा गुडघा कबड्डीत चढाई करताना पिरगळला होता. लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं होतं की लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल आणि आठ-नऊ महिने खेळ बंद. जिल्ह्याची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आलेली. पोरीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "पप्पा, एकदा बाबाकडं जाऊन बघू," एवढंच तिचं चाललं होतं. लेकीचं रडणं व्यंकटीला बघवत नव्हतं आणि ऑपरेशनचं नाव ऐकवत नव्हतं.

तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या धम्मप्रिया मॅडमना हे कळलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "मी पण येते," म्हणाल्या. "मला बघायचंय."

रांगेत त्यांनी व्यंकटीला विचारलं, "दादा, तनुजाचं काय तुटलंय, माहितीय?"

"शीर म्हणत्यात, म्याडम."

"शीर नाही, अस्थिबंध, म्हणजेच डॉक्टर म्हणाले ते लिगामेंट. हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा. स्नायूला हाडाशी बांधते ती दोरी वेगळी, तिला स्नायुरज्जू म्हणतात. हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, गुळगुळीत, धक्का सोसणारी. आणि हाड, चरबी, इतकंच काय रक्तसुद्धा, ही सगळी एकाच घराण्यातली. संयोजी ऊती. कोणी बांधतं, कोणी तोलून धरतं, कोणी साठवतं, कोणी घरोघर माल पोचवतं."

"म्हणजे समदं शरीर ह्यांच्यावरच उभं हाय की!"

"मग बाबा त्यातलंच उपटून काढतात, तर माणूस बरा कसा होतो?"

तेवढ्यात सेवेकरी ओरडला, "पुढचा गुडघा!"

तनुजा पाटासमोर बसली. हळद लागली, तीर्थ झालं, उंडा फिरला, गुडघा लाल झाला. तिने व्यंकटीचा हात घट्ट धरला.

"निघाली!" बाबांनी शीर उंच धरली. "पोरी, उद्यापासून मैदानात उतर. हाणामारीची कबड्डी खेळ!"

तनुजाचा चेहरा उजळला. बाबांचा हात धुनीकडे वळला, आणि व्यंकटीने मधेच ती शीर पकडली. का पकडली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वीस वर्षं रोज पहाटे हेच धरणारे हात होते ते.

त्याने ती चिमटीत दाबली, ताणली, नाकाशी नेली. तिला एक काळा, जळका केस चिकटला होता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "ही तर बकऱ्याच्या पायातली हाय. पाय जाळावर भाजून साफ केलेला. केस नीट काढले न्हाईत तुमच्या माणसानं."

रांगेतल्या लोकांनी माना उंचावल्या. बाबा मात्र पक्के मुरलेले. "हाव! बकऱ्याचीच! पोरीला बाधा बकऱ्याच्या रूपात धरून राहिली होती!"

"आई गं!" एक बाई कळवळली. अर्ध्या गर्दीने पुन्हा हात जोडले.

"बरं, मग हे रक्त कोणाचं?" धम्मप्रिया मॅडम पुढे आल्या. बाबांच्याच डोक्यावर टांगलेल्या माळेतलं एक लिंबू त्यांनी तोडलं, दाताने फोडलं आणि तनुजाच्या गुडघ्यावर पिळलं. लाल रंग बघता बघता पिवळा झाला.

"हे तीर्थ म्हणजे चुन्याचं पाणी. हळदीला ते लागलं की ती लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. रक्तावर पोतंभर लिंबं पिळा, हळद नाही व्हायची."

"देवी शांत झाली! म्हणून पिवळं झालं!" बाबा किंचाळले, पण आवाज चिरकला.

रांगेत पुढचा नंबर निलंग्याच्या म्हाताऱ्या रेवणप्पांचा होता. मॅडमनी त्यांना विचारलं, "आजोबा, बाबांनी तुमच्या गुडघ्याला अजून हात लावलाय?"

"इल्ला, न्हाई बाई. आत्ता कुठं माझा नंबर आलाय."

मॅडमनी परातीतला पुढचा उंडा उचलला आणि सगळ्यांसमोर मधोमध फोडला. आतून पांढरी, ओली शीर लोंबली.

रेवणप्पांनी आधी शिरेकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. "अरे, माझा गुडघा अजून धोतरात, अन् माझी शीर पिठात?"

हसण्याचा असा भडका उडाला की पत्रे थरथरले. सेवेकरी मागच्या दाराने सटकला. बाबाही उठले, मात्र फार वेळ मांडी घातल्याने त्यांचा स्वतःचाच गुडघा अवघडला होता. लंगडत दारापर्यंत पोचेतो लोकांनी त्यांना गाठलं आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसवून ठेवलं.

तनुजा मात्र हसली नाही. भिंतीकडे तोंड करून ती रडत होती. "म्याडम, आता मी खेळणार न्हाई ना?"

"या वर्षी नाही," मॅडम तिच्याजवळ बसल्या. "खोटं सांगून तुला हसवणार नाही मी. पण उद्या चढाईला गेली असतीस, तर गुडघ्यातली कूर्चाही फाटली असती. मग कधीच नाही."

व्यंकटीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, बाळा. तू लेकरू हायेस. मला तर कळायला पायजे होतं."

पुढच्याच आठवड्यात लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिच्याच मांडीतल्या स्नायुरज्जूचा तुकडा घेऊन गुडघ्यात नवा अस्थिबंध बसवला. कुठून घेतला, कुठे बसवला, ते व्यंकटीला चित्र काढून दाखवलं. त्याने अकरा प्रश्न विचारले आणि डॉक्टरांनी अकराही उत्तरं दिली. निवड चाचणी तनुजाने कुबड्या घेऊन बाहेर बसून बघितली, ओठ चावत. नवव्या महिन्यात डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा ती पहिल्यांदा मैदानावर धावली.

आता कोणी एखाद्या बाबाचं नाव काढलं, की व्यंकटी भांडत नाही. एवढंच म्हणतो, "जा की. फक्त म्हणा, मला हात लावून बघू द्या. विचारू द्या. जो बघू देत न्हाई, विचारू देत न्हाई, त्याच्या हातात आपलं लेकरू देऊ नका."