दोन पाळ्यांची गादी

"इकडे या आणि हात लावून बघा," ही म्हणाली. तिने एका हाताने गादीचं टोक वर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने स्वतःची कंबर.

मी वाकून ट्रेलरमध्ये शिरलो आणि हात लावला. गादी खालून ओली होती. तिच्याखालच्या प्लायवूडवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते आणि दोन दिवस न वाळलेल्या मोज्यांचा असतो तसा वास येत होता.

"कुठून तरी गळतंय," मी म्हणालो.

"पाऊस कुठे पडलाय?"

"मग पाइप असेल."

"गादीखाली पाइप आहे?"

नव्हता. तरीही मी सीलंटची नळी घेऊन टपावर चढलो. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेल्या माणसाला ओल दिसली की फट शोधायची, एवढंच सुचतं. खरं तर ट्रेलर घेतला त्याच आठवड्यात मी त्याची एकूण एक फट बुजवली होती. खिडक्यांच्या कडा, दाराची चौकट, वायर आत येते ते भोक, सगळं. टपावर हवेसाठी एक छोटी झडप होती, तीसुद्धा स्क्रू आवळून कायमची बंद केली. हा ट्रेलर नदीत ढकलला तरी आत थेंब येणार नाही, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची एक खोली. आत एक पलंग, एक शेगडी, डोक्यावर एक फळी, आणि दोघांनी एकदम उभं राहायचं तर एकमेकांची परवानगी घ्यावी लागेल एवढी जागा. मी तो हिच्यासाठी घेतला होता. ही हॉस्पिटलात सिस्टर होती. चौतीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळी. ती सकाळी घरी यायची तेव्हा मी डबा घेऊन दारात उभा असायचो. ती दिवसा झोपायची, मी रात्री. एकच गादी, दोन पाळ्या. तुम्हाला मुलं झाली तरी कशी, असं शेजारीण थट्टेने विचारायची, तेव्हा ही शांतपणे म्हणायची, "सुट्ट्या असतात की हो."

म्हणून ती निवृत्त झाली तेव्हा मी ठरवलं होतं की आता आपण दोघांनी एका वेळी झोपायचं, आणि तेही अशा ठिकाणी जिथे सकाळी कुणालाच कुठे जायचं नाही. आमच्या दोन सहली झाल्या. दोन्ही वेळा ती पहाटेपासून बाहेर खुर्चीवर बसून राहिली आणि मी आत मजेत घोरत होतो. हे मला दुसऱ्या सहलीनंतर कळलं, तेही त्या दिवशी गादी उचलल्यावर तिने सांगितलं तेव्हा.

मी टपावरून उतरलो तेव्हा ती चादरीची घडी घालत होती.

"पुढच्या खेपेला तुम्ही एकटेच जा. मी ताईकडे जाते चार दिवस."

आवाज चढला नव्हता. भेटायची वेळ संपली, आता निघा, असं पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचा तिचा एक आवाज आहे, तो होता. त्या आवाजापुढे मोठमोठे डॉक्टर गप्प बसलेले मी पाहिलेत. मी घाबरलो. एकट्याने जाऊन मी काय करणार होतो? घोरायला मला घर होतंच.

दुसऱ्याच दिवशी मी आणखी एक फोम आणून पहिल्याच्या वर टाकला. गादी दुप्पट झाली. ती बघायला म्हणून आडवी झाली, उठताना तिचं डोकं वरच्या फळीवर आपटलं, आणि ती डोकं चोळत घरात निघून गेली.

संध्याकाळी मात्र तिने घरातली एक मोठी स्टीलची परात आणली आणि गादीखाली सरकवली.

"उद्या दुपारी यावर झोपा. खिडक्या, दार, सगळं बंद ठेवा."

"अगं, पण कशाला?"

"झोपायला सांगितलंय, जेवायला नाही."

थंडीचे दिवस होते. मी दुपारी दोन तास झोपलो, आणि झोपेत मी कुचराई करत नाही. तिने येऊन मला उठवलं, गादी उचलली आणि परात बाहेर काढली. परातीवर दव पडल्यासारखं पाणी साचलं होतं. खिडक्यांच्या काचा धुरकट झाल्या होत्या.

"ही घ्या तुमची गळती," ती म्हणाली. "तुम्हीच गळताय. श्वास, घाम, सगळं खाली जातं, थंड प्लायवूडला लागतं आणि पाणी होतं. वॉर्डात आम्ही पेशंटची कूस बदलायचो ती काय व्यायाम म्हणून? पाठीला हवा लागली नाही की कातडी नासते. गादीचंही तसंच आहे."

मला हसू आवरेना. चाळीस वर्षांत मी कितीतरी गळत्या शोधल्या, पण अंथरुणात सापडलेली ही पहिलीच. तीही हसली, आणि फळीवर आपटलेलं डोकं धरून हसली, त्यामुळे मला जरा शरमल्यासारखं झालं.

मी टपावरची झडप उघडली. स्वतःच आवळलेले स्क्रू सोडवायला मला अर्धा दिवस लागला. झडपेत एक लहानसा पंखा बसवला, आतली हवा बाहेर फेकणारा, आणि वर पावसासाठी पत्र्याची टोपी. बटण दाबलं, पंखा गरगरला. मी कागदाची पट्टी कापून त्याच्याजवळ धरली. पट्टी जागची हलली नाही. पंखा उलटा लावून पाहिला, सुलटा लावून पाहिला, वायर तपासली. तेवढ्यात हिने चहा द्यायला दार उघडलं, आणि पट्टी उडून पंख्याला चिकटली. ती दार लावून गेली. पट्टी पुन्हा लोंबायला लागली.

मी चहा तसाच ठेवला आणि कपाळाला हात लावला. एका गिऱ्हाइकाने धूळ जाऊ नये म्हणून पाण्याच्या टाकीला चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं होतं आणि पंप पाणी ओढत नाही म्हणून मला बोलावलं होतं. अहो, टाकीत हवा शिरायला वाट नसेल तर पाणी येईल कसं, असं म्हणून मी त्या बिचाऱ्याची आठवडाभर टिंगल केली होती. आता तीच अक्कल मी माझ्या घरात पाजळली होती.

म्हणजे खाली भोक पाडायला हवं होतं. ड्रिल हातात घेऊन मी पलंगाखाली आडवा झालो, आणि सांगायला लाज वाटते, पण माझा हात पुढे होईना. मी आयुष्यभर भोकं बुजवली. धडधाकट तळाला मुद्दाम भोक पाडणं म्हणजे सिस्टरने धडधाकट माणसाला आजारी पाडण्यासारखं होतं.

ही दारात येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"जीव होत नाही गं."

"पहिलं इंजेक्शन देताना माझाही झाला नव्हता," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवा आणि एकदम द्या."

मी दिलं. भुसा नाकातोंडात गेला, आणि भोकातून बाहेरची गार हवा गालाला लागली. एकापाठोपाठ चार भोकं पाडली, त्यांना बारीक जाळी लावली. पलंगाचं प्लायवूड काढून टाकलं आणि त्या जागी दोन-दोन बोटांचं अंतर ठेवून लाकडी पट्ट्या ठोकल्या.

गादीचं काम तिने स्वतःकडे घेतलं. गादीवाल्याच्या दुकानात तिने मला चारचौघांत बाकावर झोपवलं आणि माझ्या कमरेखाली हात घातला.

"बघा, इथे हात आरपार जातो. इथे घट्ट हवं. खांद्याला आणि खुब्याला मऊ. खाली काथ्याचा थर द्या, त्यातून हवा खेळते. वर फोम, आणि खोळ सुतीच."

गादीवाला लिहून घेता घेता थांबला. "बाई, तुम्ही याच धंद्यातल्या का?"

"चौतीस वर्षं," ती म्हणाली. "फक्त माझी गिऱ्हाइकं लवकर उठून जावीत असं मला वाटायचं."

तिसऱ्या सहलीला ती आली. "एकच रात्र," असं बजावून आली आणि दुसऱ्या दिवशी येते म्हणून ताईला फोनही करून ठेवला. आम्ही एका तळ्याकाठी ट्रेलर लावला.

सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. खुर्ची बाहेर रिकामी होती. ही माझ्या शेजारी होती, कुशीवर, तोंड किंचित उघडं. सात वाजले होते. मी बूट हातात घेऊन चोरासारखा बाहेर पडलो. आठ वाजले, तरी आतून काही हालचाल नव्हती. मला इतका आनंद झाला होता की कुणाला सांगावं ते सुचेना.

तेवढ्यात ट्रेलरच्या भिंतीलगतचा सार्वजनिक नळ टपटपायला लागला. खाली पत्र्याचं घमेलं होतं आणि थेंबागणिक टण्ण आवाज येत होता. वॉशर गेला होता, पाच मिनिटांचं काम. पण हत्यारांची पिशवी पलंगाखाली होती. मी घमेलं सरकवायला गेलो तर ते सिमेंटात पक्कं बसवलेलं. मग उजव्या बुटाची नाडी काढली, नळाच्या तोंडाला बांधली आणि दुसरं टोक घमेल्यात सोडलं. थेंब नाडीवरून गुपचूप खाली उतरायला लागले.

बादली घेऊन एक बाई आल्या. "अहो, गळतोय हा. बंद नाही का करता येत?"

"येतो," मी हळूच म्हणालो. "आमच्या सिस्टर झोपल्यात. उठल्या की करतो."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि बादली न भरताच पाय न वाजवता परत गेल्या. साडेनऊ वाजले. आत पट्ट्या जरा करकरल्या, तिने कूस बदलली असावी, आणि पुन्हा शांत झालं. मी एका सैल बुटाने नळापाशी बसून राहिलो आणि नळ गळू दिला.