मागचं झाकण

खंडेनवमीच्या दिवशी गॅरेजवाल्याला ‘जरा पाना घे’ म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर फार अडलेला. राजशेखर लोहाऱ्यातच जन्मला होता. गॅरेजवाल्या गोरोबानं त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. गॅरेज धुऊन लख्ख केलेलं, पाने, पकडी, हातोडे पाटावर ओळीनं मांडलेले, वर हळदकुंकू आणि झेंडू.

“मालक, आज हत्यार उचलत न्हाय. परवा या, पयलं काम तुमचं.”

“परवा येऊन काय करू? उद्या दसरा हाय.”

“मग सुतळीनं बांधा की. कालबी बांधलीच हुती न्हवं?”

कालची गोष्ट गावभर झाली होती तर. राजशेखर पेट्रोल भरून येत होता. तहसीलसमोरच्या गतिरोधकावर गाडी उसळली आणि मागचं झाकण आ वासून उभं राहिलं. आरशात बघावं तर नुसता लाल पत्रा. वडापच्या जीपवाल्यांची चांगली करमणूक झाली.

ही गाडी म्हणजे शंकरप्पांची, त्याच्या वडिलांची हौस. लाल, बुटकी, परदेशी बनावटीची, दोनच माणसांची. कधीकाळी हैदराबादच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. तिचं सगळंच उलटं, इंजिन मागं आणि डिकी पुढं. बियाण्याच्या दुकानाचे मालक शंकरप्पा धोतर सावरत तिच्यात शिरायचे तेव्हा बघायला माणसं जमायची. वर्षभर धूळ खात पडली तरी दसऱ्याला ती निघायचीच. शेजारी राजशेखरची आई शरणम्मा, गाडी गावच्या शिवेपर्यंत, आपट्याची पानं घेऊन परत. सीट दोनच, म्हणून राजशेखर लहानपणापासून हे सीमोल्लंघन दारात उभा राहून बघत आला. त्याचा राग अजून गेला नव्हता, आणि साठीला टेकलेल्या माणसानं असला राग धरावा याची लाजही वाटत होती. उद्या त्याला पहिल्यांदाच सीट मिळणार होती. ती कशामुळं, ते आठवलं की नको वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी शंकरप्पांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटलं, दसऱ्याला गाडी निघणंही थांबलं. मराठी अर्धीमुर्धी राहिली, लहानपणची कानडी तेवढी शाबूत. या वैशाखात शरणम्मा गेली आणि त्यांनी अंगणाबाहेर पडणंच सोडलं. बाजेवर पडून भिंतीकडं बघत राहायचे. उठवा, धुवा, भरवा, कपडे बदला, मग दुकान, मग रात्री पुन्हा उठा. राजशेखर दमला होता. दमलो म्हणून सांगावं असं घरात कुणी नव्हतं, कारण बायकोही तितकीच दमली होती. आणि परवा सकाळी भात भरवताना म्हातारा एकदम म्हणाला, “दसरा. शीव.” इतक्या महिन्यांत बापानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

पण सुतळी बघून त्यांनी तोंड फिरवलं होतं. “बेड.” कानडीत बेड म्हणजे नको, आणि अप्पांचं बेड म्हणजे विषय संपला. हातपाय बांधून आणल्यासारख्या गाडीत ते बसणार नव्हते. उद्या नाही निघाले तर हा माणूस पुन्हा बाजेवरून उठायचा नाही, अशी भीती राजशेखरच्या मनात घर करून बसली होती.

घरी येऊन त्यानं अप्पांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि झाकण उचललं. खटक्याची जीभ बोटानं दाबली. ती आत गेली, ती आतच. स्प्रिंगनं तिला बाहेर ढकलायला हवं होतं. मोबाईलचा उजेड धरून त्यानं नखानं खरवडलं, तर नखात लालपिवळा चिकट गाळ आला. खवट खोबऱ्याचा वास, आणि त्यात तांदळाचा एक दाणा.

त्याला सगळं कळलं. बाकी लोक गाडीची पूजा पुढून करतात. पण गाडी घरात नवीन आली तेव्हा अप्पांनीच शरणम्माला सांगितलं होतं, याचं इंजिन मागं हाय, पुढं निस्ती पिशव्या ठेवायची जागा. मग इंजिन तिथं देव, असं धरून तिनं जन्मभर मागंच पूजा केली. दर अमावस्येला, दर खंडेनवमीला, नेमकी खटक्यावर हळदकुंकू, अक्षता आणि वरून नारळाचं पाणी.

अव्वा, काय करून ठेवलंस गं हे, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. तो तिथंच फरशीवर बसला. खरवडायला तरी काय घेणार? घरातला एकुलता एक पेचकस बायकोनं तराजूशेजारी पूजेला मांडला होता.

खुर्चीतून घशातला आवाज आला. अप्पा डाव्या हातानं गाडीच्या पुढच्या कप्प्याकडं दाखवत होते. कप्प्यात फडक्याखाली एक प्लास्टिकची पिशवी निघाली. आत जुना दात घासायचा ब्रश, केस मुळापर्यंत कुंकवानं लाल झालेले. सरळ केलेला एक आकडा, बायका केसात खोवतात तसा. आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली.

“अप्पा, हे कुणाचं?”

“माझं.”

“तुमी काढत हुता हे? दरवेळी?”

“व्हय. दुसऱ्या दिशी. सकाळी. ती... पातळ नेसत आसताना.”

“मग सांगायचं की अव्वाला, जरा बाजूला लाव म्हणून.”

अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू एवढा मोठा झालास तो उगीच. शब्द सापडायला त्यांना वेळ लागला. “मनानं करायची ती. सांगितलं आसतं तर... हात आखडला आसता तिचा.”

राजशेखर ब्रशाकडं बघत राहिला. लकव्यानंतरही शरणम्मा पूजा करत राहिली होती, आणि हा माणूस बाजेवरून बघत राहिला होता. खटका भरत चाललाय हे त्यांना कळत होतं, हात चालत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर ते तिच्या कानावर गेलं असतं.

“ब्रशाची काय कुणी पुजा मांडली न्हाय,” असं पुटपुटत तो कामाला लागला. गरम पाणी, आकडा, ब्रश, पुन्हा पाणी. फरशीवर लाल ओघळ गेले. कंबर भरून आली, गुडघे बोलायला लागले. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कुठं तेलाचा थेंब आत गेला आणि दाबलेली जीभ टचकन बाहेर आली. त्यानं झाकण टाकलं. खट. ओढून बघितलं, हललं नाही. अप्पांच्या तोंडाची चालती बाजू हसली.

बायको पूजेचं ताट, फोडलेला नारळ आणि वाटीत त्याचं पाणी ठेवून दुकानात गेली. गाडीची पूजा राहिली होती, आणि ती करणारी नव्हती. राजशेखरनं बोट कुंकवात बुडवलं आणि खटक्यापासून चांगलं हातभर लांब, कोऱ्या पत्र्यावर नेलं.

“थितं न्हाय,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, आत्ता तर काढलं सगळं. कंबर मोडली माझी.”

“सकाळी काढ.”

त्यांनी डावा हात पुढं केला. हातात ब्रश होता, तो त्यांनी कधी उचलून घेतला होता कोण जाणे.

राजशेखरनं खटक्यावर हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. नारळाचं पाणी ओतलं, ते फटीतून आत उतरताना बघितलं. मग अप्पांच्या हातातला ब्रश घेऊन त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवला.