सव्वाआठ इंचांचं अंतर

मी शिंपीकाकांची टेप बोलतेय. सत्तावीस वर्षं गप्पच होते. गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून श्वास रोखतं, त्याच्याबरोबर मीही रोखते. मग बोलणार कधी?

कारखान्यातून आले तेव्हा पिवळीधमक होते. आता माझे निम्मे आकडे पुसट झालेत. दिवसभर काकांच्या गळ्यात असते, अगदी जेवतानासुद्धा. "निदान घास घेताना तरी काढा ती!" काकू वैतागतात. काका हो म्हणतात आणि विसरतात.

त्यांची एकुलती एक मुलगी फार लांबच्या शहरात राहते. मधे नऊ हजार किलोमीटर. विमानानं अकरा तास. ती गेली तेव्हा काकांनी दुकानात जगाचा नकाशा लावला. यंदा तिचे दिवस भरत आले. "बाबा, दोघंही या," म्हणून तिनं तिकिटंच पाठवली, आणि मोबाइलवर विमानाची वाटही दाखवली.

तिथंच घोडं अडलं. काकांनी मला नकाशावर दोन शहरांमधे आडवं, सरळ धरलं. विमानाची वाट मात्र कमानीसारखी पार वर, बर्फावरून गेलेली.

"सरळ रस्ता सोडून हा इतक्या वरून कुठं चाललाय? याला वाट तरी ठाऊक आहे का? मी नाही बसणार. तू जा."

"तुमच्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही," काकू म्हणाल्या. मग आत जाता जाता त्यांनी डोळे पुसले. मी गळ्यातून सगळं बघत होते. निघायला पाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे शाळेतले गुरुजी पँटची कंबर वाढवायला आले. काकूंनी त्यांच्या कानावर घातलं होतं बहुतेक, कारण काखेत पृथ्वीचा गोल होता.

"धरा टेप. आडवी."

काकांनी मला गोलावर त्याच दोन शहरांमधे आडवं धरलं. साडेनऊ इंच भरले.

"आता दोन्ही टोकं घट्ट ओढा."

ओढलं तशी मी घसरत घसरत वर गेले आणि बर्फापाशी थांबले. सव्वाआठ इंच!

काका बघतच राहिले. मग त्यांची नजर हळूच गुरुजींच्या पोटावर गेली. "अहो, तुमच्या पोटावर अस्संच होतं! मधोमध धरावी, तर ओढली की वर पळते."

"पळणारच. गोल वस्तूवर वरून जवळ पडतं."

"म्हणजे विमानवाला बरोबर जातोय?"

"तुम्ही माझी कंबर मोजता त्यापेक्षा बरोबर."

इतकी वर्षं घसरले की "नीट राहा गं" म्हणून बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी काकांनी मला हलकेच गुंडाळलं.

दारातून काकूंनी विचारलं, "बॅग काढू?"

"काढ. आणि ते मऊ सुती कापड दे. पोरीला सैल गाऊन शिवतो."

आता विमानात बसून सात तास झालेत. खाली सगळं पांढरंशुभ्र आहे. काका खिडकीला नाक लावून बसलेत, आणि भीती लपवायला काकूंनाच धीर देतायत. मी त्यांच्या खिशात आहे.

अजून चार तास. मग एका इवल्याशा जिवाचं पहिलं झबलं शिवायचंय. एवढं लहान माप मी कधी घेतलेलं नाही. काका, तेवढ्या वेळी मला सैल धरा हं.