आवारातला दिवाणखाना

बटण घरी आलं त्या आठवड्यात थंडी इतकी कडक होती की इमारतीच्या आवारातला नळ गोठला आणि थिएटरातली गरम पाण्याची टाकी फुटली. टाकी फुटल्यामुळे थिएटर बंद पडलं, थिएटर बंद पडल्यामुळे तिथला सुतार घरी बसला आणि घरी बसल्यामुळे त्याने कुत्र्याचं पिल्लू आणलं. सासूबाईंच्या मते यातली शेवटची गोष्ट तेवढी टाळता आली असती. घर सासूबाईंचं होतं.

पिल्लू जातीनेच लहान. पूर्ण वाढलं तरी चहाच्या किटलीएवढं राहील, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं; सध्या ते किटलीत मावलं असतं. सुताराच्या बायकोने एका लोकरी मोज्याला चार भोकं पाडून त्याला स्वेटर केला. रंगाने काळं, आकाराने गोल, म्हणून नाव बटण.

सुतार त्याला दर थोड्या वेळाने तीन मजले उतरून आवारात न्यायचा. बर्फावर ठेवलं की बटण एक पाय उचलायचं, मग दुसरा, मग तिसरा, आणि चौथा उचलायचा प्रामाणिक प्रयत्न करताना पोटावर पडायचं. सुतार त्याच्यापाशी उकिडवा बसून "शूऽ, शूऽ" करायचा. वरून खिडकी उघडायची.

"जावईबापू, जरा हळू. अख्ख्या इमारतीला लागली."

वर आणून पाय पुसले की बटण तडक दिवाणखान्यात जायचं. तिथे सासूबाईंचा गालिचा होता, गालिच्यावर सोफा होता आणि सोफ्याच्या डाव्या पायाशी उभा दिवा होता. त्या दिव्याखाली, त्या पायाशी, बटण मोकळं व्हायचं. रोज तिथेच. एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. झालं की सगळ्यांकडे आळीपाळीने बघायचं, जणू कोणीतरी शाबासकी द्यायची राहून गेली आहे.

सुताराने वर्तमानपत्रं अंथरली. बटणाने ती फाडली. बायकोने दवाखान्यातून औषधी फवारा आणला. ती दाताच्या दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे दिवाणखान्याला लवंगेचा वास येऊ लागला आणि बटणाची जागा काही बदलली नाही.

"पुढच्या आठवड्यात अक्का येतेय," सासूबाई एका सकाळी म्हणाल्या. "तिच्या नाकाला कुत्रं लागलं, तर कुत्रं जाईल."

अक्काच्या नाकापुढे त्या घराण्यात कोणी बोलत नसे. अक्का म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, सुताराच्या बायकोची मावशी. तिने सारी नोकरी चहाच्या कंपनीत चहा हुंगण्यात घालवली होती. पेटी कधी उघडली, कुठे ठेवली आणि शेजारी काय ठेवलं होतं, हे ती पेटी न बघता सांगायची. भाचीला आलेली दोन स्थळं मावशीने वासावरून परत पाठवली होती. सुतार आला तेव्हा तिने त्याच्या खांद्याजवळ नाक नेलं आणि "सरस आणि भुसा. लपवलेलं काही नाही," असा निकाल दिला. लग्न झालं.

म्हणजे याच नाकाने सुताराला घरात घेतलं होतं आणि आता तेच नाक बटणाला बाहेर काढणार होतं. थिएटर बंद झाल्यापासून सुताराची कोणी वाट बघत नव्हतं. बायको दवाखान्यात, सासूबाई रेडिओपाशी. तो नुसता पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरात गेला, तरी परत येईपर्यंत दाराकडे डोळे लावून बसणारं घरात एकच होतं, आणि ते त्याच्या हत्यारांच्या पिशवीत झोपायचं.

त्याने विचार सुतारासारखा केला.

"चूक त्याची नाहीच," रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला. "त्याला जागा पक्की कळते. भिंत, गालिचा, सोफा, दिवा. ती जागा बाहेर नाही, म्हणून ते बाहेर करत नाही."

"मग?" बायकोने विचारलं.

"बाहेर ती जागा करायची."

"अहो, माणसं कुत्र्याला बदलतात."

"त्याला वेळ लागतो. भिंती तयार आहेत."

भिंती खरोखरच तयार होत्या. बंद पडलेल्या नाटकाचा दिवाणखाना थिएटरात धूळ खात उभा होता. सुताराने व्यवस्थापकाला विचारलं. व्यवस्थापक गारठ्याने इतका वैतागला होता की घेऊन जा म्हणाला, आणि जमलं तर थिएटरही घेऊन जा म्हणाला. दुपारपर्यंत इमारतीच्या आवारात लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणलेल्या तीन भिंती उभ्या राहिल्या. एकीत खिडकी होती आणि खिडकीबाहेर रंगवलेली उन्हाळ्यातली बाग. दुसरीत दार होतं, कडीकोयंड्यासकट, कारण नाटकात ते तीनदा आपटायचं असे. चौथी बाजू प्रेक्षकांसाठी मोकळी होती. आता तिकडे सायकली होत्या.

बटणाने आत फेरी मारली. नाटकातला गालिचा रंगवलेला होता. त्याने तो हुंगला, मग ते शिंकलं आणि बाहेर आलं.

"आई, आपला गालिचा न्यावा लागेल," सुतार वर जाऊन म्हणाला.

"माझा गालिचा खराब झाला, तो घरात झाला. आता बाहेर नेऊन खराब करायचा?"

"मग घरात होणार नाही."

सासूबाईंनी यावर विचार केला. त्यातली खोट त्यांना जाणवत होती, पण बोट ठेवता येईना. गालिचा खाली गेला. बटणाने गालिचा मान्य केला आणि सोफ्याशी अडलं, कारण नाटकातल्या सोफ्याला पायच नव्हते, खालपर्यंत झालर होती. वॉचमनच्या मदतीने सासूबाईंचा सोफा खाली गेला. मग उभा दिवा गेला, त्याची वायर वॉचमनच्या खोलीतून घेतली. दिवा लागला. बटण डाव्या पायाशी गेलं, थरथरत बसलं आणि बर्फ भुरभुरत असताना आयुष्यात प्रथमच घराबाहेर मोकळं झालं.

सुताराने त्याला नखाएवढा बिस्किटाचा तुकडा दिला. वॉचमनने टाळ्या वाजवल्या आणि मग आपण का वाजवतोय हे न कळून थांबवल्या.

वरचा दिवाणखाना आता रिकामा होता. बटण तिथे गेलं, त्याने गार फरशीवर एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि ते मुकाट परत फिरलं. त्याच्या लेखी ते आता आवार होतं. त्या दिवशी घरात एक थेंबही पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

फक्त बसायला जागा उरली नव्हती. सासूबाईंनी एक संध्याकाळ रेडिओ उभ्याने ऐकला. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी शाल, कानटोपी आणि रेडिओ घेतला आणि खाली उतरल्या.

"माझा सोफा जिथे, तिथे मी," त्या म्हणाल्या आणि उजव्या टोकाला बसल्या.

त्या बसल्या म्हणून मुलगी बसली, दोघी बसल्या म्हणून सुतार बसला. तिघे थंडीत ओळीने बसून बातम्या ऐकू लागले. वॉचमन वेळ घालवायला यायचा, पण सायकलींच्या बाजूने सरळ आत न येता वळसा घालून दारावर टकटक करायचा.

"या," सासूबाई म्हणायच्या. "पाय पुसा."

पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर एकदा थांबले आणि म्हणाले, "घर पाहावं बांधून, हे ऐकलं होतं. दोनदा बांधून, हे नव्हतं ऐकलं."

"तुम्ही बाहेरून बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. "आत येऊन बोला."

अक्का येण्याच्या आदल्या दिवशी सगळं सामान वर चढवायचं ठरलं होतं. सुतार आणि वॉचमनने गालिचा वर नेला, सोफा वर नेला आणि दिवा आणायला ते खाली गेले. दिवा घेऊन वर येईपर्यंत बटणाला सोफ्याचा डावा पाय सापडला होता.

बायकोने फडकं आणलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"म्हणजे सोफा वर असेल तर कुत्रं वर करणार, आणि सोफा खाली असेल तर घर स्वच्छ," बायको म्हणाली.

"मावशींना स्वयंपाकघरात बसवू," सुतार म्हणाला. "तिथे खुर्च्या आहेत."

"पाहुण्याला स्वयंपाकघरात बसवणाऱ्यातली मी नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि रिकाम्या खोलीत फरशीवर बसवायला ती काही लग्नाला आलेली नाही. पाहुणे दिवाणखान्यातच बसतील. न्या खाली."

दिवाणखाना हाच कुत्र्याचा संडास आहे, ही गोष्ट तिघांच्याही त्याच क्षणी लक्षात आली. वॉचमनने सोफ्याचं आपलं टोक पुन्हा उचललं.

"गारठ्यात वास मरतो," जिन्यात सुतार त्याला हळूच म्हणाला. त्याची सगळी भिस्त आता थंडीवर होती.

अक्का दुपारी टॅक्सीने आली. उंच, काठी घेतलेली, नाक मफलरबाहेर काढलेलं. सासूबाई कॅनव्हासच्या भिंतीतल्या दारात उभ्या होत्या.

"ये अक्का, आत ये."

अक्का आत आली. तिने रंगवलेली बाग पाहिली, सोफा पाहिला, मग मान वर केली. वर ढग होते.

"छत?"

"हवेशीर आहे," सासूबाई म्हणाल्या. "बस."

अक्का बसली. डाव्या टोकाला. सुतार समोर उभा होता, त्याच्या कोटाच्या आत बटण होतं. सकाळपासून त्याला खाली सोडलं नव्हतं आणि कोटातून बारीक चुळबुळ चालली होती. अक्काने एकदा श्वास घेतला आणि सोडला. बायकोने आईकडे पाहिलं. थंडी आपलं काम चोख करत होती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वॉचमन होता. दोन्ही हातांनी त्याने आपल्या खोलीतली पेटलेली शेगडी धरली होती.

"पाहुण्या गारठल्या असतील," तो म्हणाला आणि शेगडी नेमकी सोफ्याच्या डाव्या पायाशी ठेवली.

सुतार म्हणाला, "नको, नको, त्यांना उकडतं." सासूबाई म्हणाल्या, "तिला धुराचा त्रास." अक्का म्हणाली, "मला कसलाही त्रास नाही. असू दे," आणि तिने हात शेकायला पुढे केले.

गालिचा आधी ओलसर दिसू लागला. मग त्यातून वाफेची एक बारीक रेघ उठली आणि सरळ वर गेली. अक्काच्या नाकपुड्या हलल्या.

"कुत्रं," ती म्हणाली.

शेगडीतला निखारा तडतडला.

"डाव्या पायाशी," अक्का म्हणाली. पुन्हा श्वास घेतला. "एकदा नव्हे, बऱ्याचदा. आणि लवंग. लवंग कशाला?"

"ती माझी," बायको म्हणाली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. आवाज मात्र अपेक्षेपेक्षा मऊ निघाला, आणि ते त्यांनाही आवडलं नाही.

सुताराने कोटाचं बटण काढलं आणि आतलं बटण दोन्ही हातांत घेतलं. "त्याचा दोष नाही, मावशी. मीच त्याला इथे करायला शिकवलं."

"दिवाणखान्यात?"

"हो."

"दिवाणखान्यात घाण करायची शिकवणी मी पहिल्यांदा ऐकतेय." अक्काने गालिच्यावर काठी टेकवली. "हे सगळं कालपर्यंतचं आहे. आजचं नाही. आजचं काय ते बघू दे. सोड त्याला."

सुताराने त्याला खाली ठेवलं. बटण सवयीने डाव्या पायाकडे निघालं. तिथे पोहोचलं, हुंगलं आणि थांबलं. पायाखाली गालिचा कोमट होता. शेगडी धगधगत होती, दिवा लागला होता, रेडिओ चालू होता, पाच माणसं त्याच्याकडे बघत होती. थंडी या घरात तरी नव्हती. बटणाने एकदा सुताराकडे पाहिलं, एकदा सोफ्याच्या पायाकडे पाहिलं, आणि वळून चालू लागलं.

पाठीमागे आवाराची अख्खी बाजू सताड उघडी होती. तिकडे सायकली होत्या, बर्फ होता, फाटक होतं. बटण तिकडे गेलं नाही. ते दाराशी गेलं आणि पुढच्या पायांनी दार खरवडू लागलं.

"अहो, दार उघडा ना त्याला," बायको म्हणाली.

सुताराने कडी काढली. बटण बाहेर गेलं. सासूबाई उठल्या, भिंतीच्या कडेवरून त्यांनी मान बाहेर काढली आणि वाकून पाहू लागल्या.

"पाय उचलतंय," त्या म्हणाल्या. "दुसरा पण उचलला. ठेवला." जरा वेळ गेला. "बसलं." आणखी जरा वेळ गेला. "झालं."

बटणाने बाहेरून दार खरवडलं. सुताराने ते उघडलं, त्याला आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली, इतकी जपून की जणू पहिल्यांदाच लावत होता.

"दार कळतं त्याला," अक्का म्हणाली. "कुत्र्याला याहून जास्त काही कळावं लागत नाही. राहू दे." मग तिने पुन्हा वर पाहिलं. "तुम्हाला मात्र छताचं काही कळलेलं दिसत नाही. चला आता वर, माझे गुडघे गेले."

सोफा आणि दिवा त्याच संध्याकाळी वर गेले. गालिचा धुवायला गेला आणि आल्यावर तोही वर गेला. बटणाने त्यातल्या कशालाही पुन्हा हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही. लागली की ते घराचं दार खरवडायचं. सुतार त्याला घेऊन तीन मजले उतरायचा, आवारातल्या त्या दारापाशी आणायचा, कडी काढायचा, आणि बटण दारापलीकडे जाऊन बर्फात मोकळं व्हायचं.

टाकी दुरुस्त झाली तेव्हा व्यवस्थापकाने दिवाणखाना परत मागितला. सुताराने खिडकीची भिंत दिली, मग दुसरी दिली. बटणाला काही फरक पडला नाही. दार उतरवलं त्या सकाळी मात्र बटण मोकळ्या आवाराच्या मधोमध उभं राहिलं, त्याने एक पाय उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि ते पोटावर पडून सुताराकडे बघत राहिलं. तो वर गेला आणि हातोडी घेऊन आला. थिएटरसाठी त्याने दुसरं दार बनवलं. पहिलं चौकटीसकट आवारात रोवलं.

ते अजून तिथे आहे. दोन्हीकडे भिंत नाही, मागे-पुढे सारखंच आवार. वॉचमन अजून टकटक करतो. पोस्टमास्तर पहिले काही दिवस हसून बाजूने जात होते, पण परवा हातात पिशव्या असतानाही त्यांनी कोपराने कडी काढली आणि दारातून आले. त्यांच्या मागून सासूबाई येत होत्या.

"दार लावा हो मागचं," त्या म्हणाल्या. "गारठा आत येतोय."